लक्ष्मणरावांचे नवे डोळे

लक्ष्मणराव पिसुड्ड्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते झालं नव्हतं, हे फक्त लक्ष्मणरावांना ठाऊक होतं.

मागच्या हिवाळ्यात वडनेरला मोतीबिंदूचं शिबिर भरलं होतं. गावातून ते एकटेच गेले. तपासणी झाली, नाव लागलं, गाडीत बसवून शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. खाट मिळाली, उजव्या भुवईवर पेनानं खूण झाली, नर्सबाईनं थेंबाच्या औषधाची बाटलीही हातात दिली. इथवर लक्ष्मणराव मोठ्या ऐटीत होते. मग शेजारच्या खाटेवरच्या माणसाला ऑपरेशन करून परत आणलं. त्याच्या डोळ्यावर पट्टी होती आणि तो नुसता गप्प पडून होता. बिचारा थकून झोपला असेल, पण लक्ष्मणरावांनी खाटेखाली पाय घालून चपला शोधल्या. लघवीला जातो म्हणून उठले ते थेट रस्त्यावर. बोरगाव मेघेला बहिणीकडे दोन दिवस काढले, रस्त्यावरच्या टपरीतून काळा चष्मा घेतला आणि तो लावून एस.टी.नं घरी आले.

दुसऱ्याच दिवशी खरं सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात होतं. पण दुसऱ्या दिवशी सुनेनं, समीक्षानं, त्यांच्यासाठी तुपातला शिरा केला. कापूस वेचणीचे दिवस होते. दिवसभर वेचून तिची बोटं बोंडांनी ओरखडलेली असायची, आणि तशाच बोटांनी ती त्यांच्या डोळ्यांत औषध टाकायची. चाळीस दिवस तिनं त्यांना वाकू दिलं नाही, चुलीच्या धुरात बसू दिलं नाही, आंघोळीचं पाणी अंगणात काढून दिलं. असा मान लक्ष्मणरावांना त्यांच्या लग्नातही मिळाला नव्हता. रोज सांगायचं राहून गेलं आणि चाळीस दिवसांनी काय सांगणार?

उजव्या डोळ्याला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. डाव्याला माणसाचा आकार. घर, अंगण, विहीर, चौकातला पार, एवढ्या वाटा पायांना पाठ होत्या. बाकी वेळ ते काळा चष्मा लावून पारावर बसत आणि येणाऱ्याच्या आवाजाची वाट पाहत.

यंदा ऑगस्टात गावात डोळ्यांची साथ आली. आठवडाभर झड, मग कडक ऊन, मग पुन्हा झड. आधी शाळेतली पोरं लाल डोळ्यांची झाली, मग अंगणवाडीतली. उपकेंद्रात डॉक्टरीणबाई आल्या, एकेका लेकराची पापणी उलटून पाहिली. ज्याच्या डोळ्यांत नुसतं पाणी होतं त्याला थंड पाण्याचा फडका सांगितला. ज्याच्या पापण्या पिवळ्या चिपडांनी चिकटल्या होत्या त्याला बाटली दिली. लक्ष्मणरावांच्या साडेतीन वर्षांच्या नातीला, रिंकूला, बाटली मिळाली. अंगणवाडीबाईंनी सांगितलं, डोळे बरे होईस्तोवर पोरीला पाठवू नका.

आता घरी थांबणार कोण? निंदणाचा जोर होता. समीक्षाच्या शेतातलं सोयाबीन मागच्या आठवड्यात पाच बायांनी येऊन निंदून दिलं होतं. आता पाचही जणींच्या शेतात एकेक दिवस तिला जायचं होतं. तो शब्द मोडला तर पुढच्या निंदणाला बांधावर कुणी पाय ठेवला नसता. तिचा नवरा रोशन पाठीवर पंप बांधून फवारणीला जायचा.

"मामाजी घरी हायेत ना," समीक्षा म्हणाली. "मामाजी, सकायचं अन् रातचं औषध मी टाकतो. दुपारी एक बारी अन् चार वाजता एक बारी, तुमी टाकजा. दोनी डोयात एकेक थेंब. अगुदर हात धुजा. बाटलीचं तोंड डोयाले लावजा नोका."

"हो, हो."

"तुमाले का सांगाले लागते! तुमी तं चाळीस दिवस घेतलं."

"बाबाले आपल्यापेक्षा साजरं दिसते आता," पंपाचे पट्टे खांद्यावर चढवत रोशन म्हणाला. "नवे डोये हायेत त्याइचे."

लक्ष्मणराव हसले. हसण्यावाचून करता काय?

दुपारी त्यांनी रिंकूला सपरीतल्या, म्हणजे पुढच्या पडवीतल्या, खाटेवर उताणं निजवलं. हात धुतले, बाटलीचं टोपण काढलं, डावा हात तिच्या कपाळावर ठेवला आणि अंदाजानं बाटली वर धरली. खाली त्यांना एक तपकिरी गोल दिसत होता. त्यात डोळे कुठे असतील ते त्यांनी मनाशी ठरवलं.

"डोये उघड, बापा."

"उघडले," रिंकू म्हणाली. तिनं ते गच्च मिटले होते. कुठलं लेकरू मिटणार नाही?

बाटली दाबली. एक थेंब, दुसरा थेंब.

"गेलं का आत?"

"गेलं. बिस्कुट द्या."

लक्ष्मणरावांनी बिस्किट दिलं. पदरानं पुसावं तसं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तिचं तोंड पुसताना तिच्या कानाची पाळी त्यांच्या बोटांना ओली लागली. घाम आला असेल, असं ते स्वतःलाच म्हणाले. चार वाजता पुन्हा तसंच झालं. संध्याकाळी समीक्षानं पायांचा चिखल धुता धुता विचारलं, "टाकलं ना, मामाजी?" आणि ते म्हणाले, "दोनी बारी."

दुसऱ्या दिवशी रिंकूचे डोळे तसेच होते. सकाळी पापण्या उघडेनात. समीक्षानं उकळून गार केलेल्या पाण्यात फडका भिजवून चिपडं काढली, थेंब टाकले आणि भाकर फडक्यात बांधून पळाली. दुपारचे थेंब त्या दिवशी बहुधा नाकावर गेले. "गेलं का?" "गेलं." बिस्किट.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मणरावांना राहवेना. पोरीला गुण येत नाही, हे त्यांना कळत होतं. का येत नाही, तेही कळत होतं. आज काही झालं तरी थेंब डोळ्यांत घालायचाच, असं ठरवून ते उठले. त्याच्याआधी नेहमीप्रमाणे तळहातावर तंबाखू मळला होता, डबीतला चुना नखानं काढून त्यात घोटला होता आणि चिमूट ओठाखाली ठेवली होती. घालमेलीत हात धुवायचे राहिले. त्यांनी रिंकूची उजवी पापणी बोटांनी चाचपली, अंगठ्यानं खाली ओढली, तर्जनीनं वर रेटली आणि बाटली दाबली.

पोर किंचाळली. अंग धनुष्यासारखं वाकवून तिनं त्यांच्या छातीत लाथ मारली आणि खाटेवरून खाली पडली.

लक्ष्मणरावांनी स्वतःचं बोट जिभेला लावून पाहिलं. चुना.

त्यांनी चाचपडत जाऊन गडवा आणला आणि पाणी तिच्या तोंडावर ओतलं. ती डोळा दाबून गडाबडा लोळत होती, पाणी डोळ्यात किती गेलं कुणास ठाऊक. बराच वेळ ती रडली आणि रडता रडता त्यांच्याच मांडीवर झोपली. तिच्या केसांतून हात फिरवत लक्ष्मणराव बसून राहिले. लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. दोन्हींतलं मोठं काय, ते त्यांना सांगता आलं नसतं.

संध्याकाळी समीक्षा औषध टाकायला बसली, तर बाटली पाहूनच रिंकूनं घर डोक्यावर घेतलं.

"काऊन रडून राह्यली हे एवढी? काल तं गपचूप टाकू देलं."

खरं बोलायला याहून चांगली वेळ मिळाली नसती. लक्ष्मणरावांनी घसा खाकरला.

"औषध झोंबते तिले," ते म्हणाले. "लय झोंबते."

चौथ्या दिवशी सकाळी सार्वजनिक नळावर घागरी-गुंडांची रांग लागली होती. लक्ष्मणराव पारावर बसले होते. आशा कार्यकर्ती सुलोचना घरोघर फिरून लेकरांचे डोळे पाहत तिकडून आली, आणि समीक्षानं तिला गाठलं.

"काऊन वो सुलोचना, कोनतं औषध वाटून राह्यली तू लेकराइले?"

"कोनतं म्हंजे? डॉक्टरीणबाईनं देल्लं तेच."

"माह्या पोट्टीचा डोया पाह्यला का तू? काल लाल होता, आज बंदच हाय. औषध टाकलं का किरकिंचायते."

"ते औषध झोंबत नाई, समीक्षा. मी सतरा लेकराइले देल्लं."

"तुले काय मालूम? आमच्या मामाजीनं चाळीस दिवस सोताच्या डोयात औषध घेतलं. त्याइच्याइतकं तुले समजते का? ते सांगून राह्यले का हे झोंबते. जुनं औषध आनून गरिबाच्या लेकरावर खपवता तुमी."

मग कुणीतरी पाराकडे तोंड करून विचारलं, "खरं का जी, आबाजी?"

लक्ष्मणरावांना त्या बाजूला रंगीत लुगड्यांचा एक पट्टा दिसत होता, चेहरा एकही नाही. सगळे चेहरे आपल्याकडे वळलेत, एवढं कळत होतं. त्यांनी मान हलवली. हो म्हणून हलवली का नाही म्हणून, ते त्यांनाही ठरवता आलं नाही. बायांनी हो धरलं.

पलीकडच्या घरातल्या रक्षानं आत जाऊन बाटली आणली आणि सगळ्यांदेखत नालीत फेकली. तिचं पोर आठ महिन्यांचं. मग आणखी दोघींनी फेकल्या. सुलोचनानं नालीत हात घालून एक बाटली काढली, पदरानं पुसली आणि तिच्यावरची तारीख वाचून दाखवू लागली. "पाहा ना वो, पुढच्या सालाची तारीख हाय." कुणी पाहिलं नाही. चार वर्षं ही बाई पावसापाण्यात प्रत्येकीच्या बाळंतपणाला धावली होती, आणि आता ती नळावर एकटी उभी राहून बाटली पुसत होती. लक्ष्मणरावांनी तो आवाज ऐकला. ते उठून घरी गेले आणि दिवसभर तंबाखू खाल्ला नाही, जशी काही त्यानं भरपाई होणार होती.

पाचव्या दिवशी झड लागली. शेतात कुणीच गेलं नाही. दहाच्या सुमारास सुलोचना डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सपरीत आली. तिच्यामागे रक्षा आणि आणखी तीन-चार जणी आल्या. भांडण होणार म्हटल्यावर पावसाचं काय?

सुलोचनानं खाली बसून हात धुतले. नवी बाटली काढली, सर्वांसमोर टोपण फिरवून तिचं सील तोडलं, मान मागे टाकली आणि स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत थेंब टाकले.

"पाहा. झोंबलं का मले?"

समीक्षा रिंकूला मांडीवर घेऊन बसली होती.

"आता हे बाटली आपल्या रिंकूची." सुलोचना लक्ष्मणरावांकडे वळली. "काकाजी, मी तुमाले काई म्हनत नाई. औषध चांगलं हाय, तं टाकनं चुकत असन. तुमी कसं टाकता तेवढं दाखवा."

नाही म्हणता आलं असतं. हात थरथरतो, कंबर दुखते, काहीही सांगता आलं असतं. पण रोशन तिथेच बसला होता आणि म्हणाला, "दाखवा बाबा, म्हंजे तोंडं बंद होतीन सगळ्याइची." लेकाच्या आवाजातला तो भरवसा ऐकून लक्ष्मणराव पुढे सरकले. एकदाच, एवढ्या एकाच वेळी, थेंब जागेवर पडावा, असं त्यांनी मनातल्या मनात मागितलं.

रिंकूला खाटेवर निजवलं. त्यांनी कपाळावर हात ठेवला, बाटली उचलली, दाबली. एक. दोन.

"गेलं का?"

"गेलं," रिंकू म्हणाली.

"पाहा," लक्ष्मणराव बायांकडे तोंड करून म्हणाले. "असं टाकतो मी."

टिनावर पाऊस वाजत होता. कुणीच काही बोलेना, तशी त्यांच्या चेहऱ्यावरची ऐट हळूहळू उतरली.

"बाबा," रोशनचा आवाज अगदी खाली आला होता. "कानात गेलं ते. दुसरं उशीवर."

"हालली असन पोट्टी."

"नाई हालली." रोशन उठून त्यांच्यासमोर आला. हात पुढे धरला. "हे बोटं किती हायेत?"

लक्ष्मणरावांनी डावा डोळा बारीक केला. एक काळसर आकार होता.

"तीन."

रोशनची मूठ होती. त्यानं ती तशीच खाली घेतली. दारातली एक बाई हसली आणि तिनं लगेच तोंडावर पदर धरला.

"माहं आपरेशन झालंच नाई," लक्ष्मणराव म्हणाले. "मी पयून आलतो. भेव वाटलं म्हून पयून आलतो." थांबलं तर पुढचं निघणार नाही, हे कळून ते भराभरा बोलले. "अन् औषध झोंबत नाई. माह्या बोटाले चुना होता. तंबाखूचा चुना. तो लागला तिच्या डोयाले."

"कवा?" सुलोचना ताडकन उठली.

"परवा."

"परवा! अन् आज सांगून राह्यले तुमी? चुन्यानं डोया जाते, काकाजी! समीक्षा, उकयलेलं पानी आन, असन तेवढं आन."

दोघींनी मिळून पोरीचा डोळा धुतला. रक्षानं तिचे पाय धरले. गडव्यामागून गडवा. रिंकूच्या रडण्यानं सपरी भरून गेली, आणि लक्ष्मणराव भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना कुणी बस म्हटलं नाही, बाजूला हो म्हटलं नाही. रोशन ऑटो आणायला धावला. जाताना समीक्षा उंबऱ्यात थांबली.

"कापूस वेचून येत होतो मी," ती म्हणाली. "हात उचलत नोते माहे. तरी तुमाले वाकू देत नोतो." आणि ती पोरीला घेऊन पावसात गेली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर लक्ष्मणरावांना बरं वाटलं असतं.

न बोलावताच ते ऑटोत चालकाच्या शेजारी जाऊन बसले. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दार लावून तपासलं. लक्ष्मणराव बाहेर बाकावर होते. आतून तिघं निघाली, पण त्यांना कुणी काही सांगितलं नाही, आणि विचारायला तोंड नव्हतं. शेवटी त्यांनी आवाजाच्या अंदाजानं तिथल्या शिपायाला विचारलं, "बापू, ते लहान पोट्टीचं काय झालं?"

"तुमी कोन तिचे?"

"आजा."

"मंग घरच्याइले विचारा ना," शिपाई म्हणाला.

परतीच्या वाटेवर रोशननं पावसाकडे पाहत सांगितलं, बुबुळाच्या कडेला जखम आहे, मध्ये नाही. नेमानं औषध टाकलं तर डोळा वाचेल. दोन वेगळ्या बाटल्या दिल्यात आणि जुनीही चालू ठेवायची आहे. समीक्षानं दुसऱ्या दिवशीपासून निंदण सोडलं. ज्या दोघींचे दिवस फेडायचे राहिले होते त्यांच्या शेतात रोशन फवारणी सोडून बायांच्या ओळीत बसून निंदायला गेला. त्याच्यावर बाया काय काय बोलल्या असतील, ते त्यानं घरी सांगितलं नाही.

दवाखान्यातून आल्याच्या तिसऱ्या दिवशी सुलोचना पुन्हा आली. रिंकूची पापणी उचलून पाहिली. सूज उतरली होती, चिपडं कमी होती. मग ती लक्ष्मणरावांसमोर येऊन बसली.

"काकाजी, नऊ घरच्या बाया औषध टाकत नाई. मी समजावून थकली. त्याइले वाटते का तुमाले दिसत नाई ते खरं, पन औषधही खराबच हाय, अन् तुमी घरची अब्रू झाकाले चुन्याचं सांगतलं. माह्यं कोनी आयकत नाई आता. तुमाले याच लागन."

"घरोघर?"

"घरोघर."

लक्ष्मणरावांनी पायात चपला सरकवल्या. काळा चष्मा खुंटीवर होता, तो तिथेच राहू दिला. रस्त्यात चिखल होता आणि इतकी घरं त्यांच्या पायांना पाठ नव्हती. समीक्षानं रिंकूला रोशनजवळ दिलं, सासऱ्याच्या काठीचं पुढचं टोक हातात घेतलं आणि म्हणाली, "चाला. मलेही सांगाचं हाय. सुलोचनाले मी बोलली होती."

पहिल्या दारात लक्ष्मणरावांनी ऑपरेशनपासून सुरुवात केली आणि वाटेतच अडकले. दुसऱ्या दारात एक म्हातारी खो खो हसली. "म्हंजे चाळीस दिवस सुनेच्या हातचा फुकट शिरा खाल्ला का रे लक्ष्मन्या?" "हो बाई, खाल्ला," ते म्हणाले. तिसऱ्या घरी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, आणि तो चहा गिळणं नळावर मान हलवण्याहून जड गेलं. चौथ्या-पाचव्या दारापर्यंत सांगणं आटोपशीर झालं होतं. मला दिसत नाही. माझ्या हाताला चुना होता. मी खोटं बोललो. औषध चांगलं आहे. प्रत्येक दारात ते संपलं की समीक्षा म्हणायची, "अन् मी सुलोचनाले उगाच बोलली," आणि सुलोचना पिशवीतून बाटली काढायची.

नववं दार रक्षाचं. ती पोराला कडेवर घेऊन उंबऱ्यात उभी होती. पोर कण्हत होतं. लक्ष्मणरावांनी आपलं सांगितलं.

रक्षानं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं. सपरीत तिनं सारं डोळ्यांनी पाहिलं होतं, रिंकूचे पाय धरले होते. सुलोचनानं पुढे केलेली बाटली तिनं घेतली, पण टोपण काढलं नाही.

"आठ महिन्याचं हाय हे," ती म्हणाली. "याले तं बोलता येत नाई. झोंबलं तरी सांगनार नाई." मग तिचा आवाज बदलला. आता ती सुलोचनाशी बोलत नव्हती, समीक्षाशीही नाही. "आबाजी, तुमी खरं सांगा. टाकू का मी? तुमी म्हनान तं टाकतो."

आपण आत्ताच काय सांगितलं, ते हिनं ऐकलं नाही का? आठ महिने गावाला फसवलेल्या माणसाच्या शब्दावर ही बाई आपल्या लेकराचा डोळा ठेवत होती. कुणी तोंडावर थुंकलं असतं तरी त्यांची मान एवढी खाली गेली नसती.

"टाक, माय," ते म्हणाले.

रक्षा आत गेली, सुलोचना तिच्यामागून गेली. पोर मोठ्यानं रडू लागलं. समीक्षानं काठी ओढून म्हटलं, "चाला मामाजी, झालं आता." पण लक्ष्मणराव हलले नाहीत. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. पोराचं रडणं थांबेपर्यंत ते त्या दारात भिजत उभे राहिले.